होड्यांमधलं पाणी

आमचा मामा एका मोठ्या कंपनीच्या बागेत माळी होता. हेलिकोनियाचा वाफा त्याच्याकडे. केळीसारखी पानं, माणसाहून उंच दांडे आणि त्यांच्या टोकाला एकावर एक रचलेल्या लाल होड्यांसारखी फुलं. साहेब फेरीला निघाले की माळी त्या होड्यांत झारीने पाणी भरत. फुलं चकाकत, साहेब खूश होत. झाडाला त्या पाण्याचा काडीचा उपयोग नव्हता. पण नोकरीत असं बरंच काही असतं.

मामी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली, तेव्हा मामाने बागेतला एक गड्डा आणून तिच्या खिडकीखाली लावला.

"लग्न झाल्यापासून एक फूल आणलं नाहीत, आणि आता अख्खं झाड? माझं काही खरं नाही वाटतं!"

"अगं, पडल्या पडल्या भिंत तरी किती बघशील?"

यथावकाश फूल आलं. मामा रोज सकाळी त्यातही पाणी भरू लागला. घरचा साहेब आता मामी होती.

मग मामीला ताप आला. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. मामा औषधं आणायला गेला होता, मी मामीपाशी बसलो होतो, तेवढ्यात आरोग्य खात्याची बाई डासांची पैदास शोधत आली. पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, सगळं पाहून झालं. शेवटी तिने खिडकीतून हात बाहेर घालून एक होडी वाटीत ओतली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"ह्यात पाणी कोण भरतं?"

"मीच," मामी म्हणाली.

बाईने तिच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप सगळ्या होड्या रिकाम्या केल्या. ती गेल्यावर मामीने माझं मनगट धरलं. हात नुसता भाजत होता.

"ह्यांना बोललास तर याद राख."

दोन दिवसांनी मामीला दवाखान्यात हलवलं. तिथून मामा एकटाच परत आला.

नंतर तो तिच्याच खाटेवर झोपू लागला आणि उठल्या उठल्या होड्या भरू लागला. "तिला आवडायचं रे," म्हणायचा. त्याची पाठ वळली की मी त्या उपड्या करायचो. शेवटी मी हात टेकले. एका सकाळी त्याची झारी धरली आणि सगळं सांगून टाकलं.

मामा खाटेच्या कडेला बसला.

"तिला ठाऊक होतं?"

"हो."

"चहात साखर कमी पडली तरी बोलायची मला," मामा म्हणाला. "जन्मभर बोलली. आणि हेच तेवढं बोलली नाही."