झाकलेली मोजमापं

सरांनी मला पाहुण्यांसाठी चहा आणायला उठवलं, तेव्हा पडद्यावर माझंच काम होतं.

ट्रे घेऊन परतले तर माझ्या खुर्चीत सरांच्या नात्यातला विद्यार्थी. माझे आलेख समजावून सांगत होता. चुकीचे सांगत होता. मी मधे बोलले. सर माझे मार्गदर्शक, पुण्याहून जबलपूरला आलेले, बोलणं अगदी गोड. हसत म्हणाले, "तू नुसतं मोजत जा. अर्थ आम्ही लावू. तुमच्या लोकांचं ते काम नाही."

सगळे हसले. मी कप वाटले. मला माझीच चीड आली.

माझा बाप इथल्याच सदर भागातल्या मेसमध्ये भांडी घासतो. सरांनी पहिल्याच दिवशी आडनाव खोदून खोदून विचारलं होतं.

माझं काम बरगी धरणाच्या कालव्याचं. दार किती उघडलं की शेवटच्या गावात पाणी किती चढतं, याचा नियम मोजमापांवरून शोधायचा. वारा, गाळ, मधेच लावलेले पंप, सगळं त्यात मिसळलेलं. म्हणून अशा संशोधनात एक रीत असते. अर्धी मोजमापं झाकून ठेवायची. बाकीच्यांवर नियम बांधायचा आणि झाकलेल्यांवर तपासायचा. माझा नियम तिथेच आपटला. तो म्हणायचा पाणी पोचेल. पाणी पोचायचं नाही.

सर म्हणाले, झाकलेलीही घे, सगळ्यांवर मिळून नियम बांध आणि लिही की न पाहिलेल्या मोजमापांवर तपासला. मी नाही म्हटलं. त्यांनी प्रबंधावर सही केली नाही.

बाबा म्हणाले, "काहून भांडून राहिली बेटा? सही घेऊन घे पहिले."

त्यांचा राग आला नाही. ते आयुष्यभर असेच मान खाली घालून जगले. पण मला तेव्हा लख्ख कळलं. माझ्याबद्दलचा नियमही सरांनी असाच बांधला होता, आडनावावरून. मला तपासून बघायची गरजच वाटली नाही त्यांना.

आता शिष्यवृत्ती बंद आहे. दीक्षितपुऱ्यात शिकवण्या घेते. पदवी मिळत नाही, हे कळून चुकलंय. माझा नियम सरांच्या नावावर छापून आला, खोट्या तपासणीसकट. कालव्याचं दार म्हणे आता त्यावरच चालवणार. शेवटचं गाव कोरडं राहील आणि कोणी विचारणार नाही.

सोमवारी सर त्यावर कॉलेजात बोलणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसेन. चहासाठी उठणार नाही. एकच विचारायला उठेन, झाकलेली मोजमापं आधी पाहिली होती की नव्हती? हाकललं तर दारात उभी राहून विचारेन.