कुकवाचा आंगठा

तवा आमच्या गावात वीज नव्हती. ज्वारी दळाले डोक्यावर गठुडं घेऊन तामसी गावच्या चक्कीवर जा लागे. मंग सरकारनं देवळापुढं उनावर चालणारा दिवा लावला. आमी बायकायनं खांबाले हळद-कुकू लावलं, नारळ फोडला. सायबानं दिवा भेटल्याचा कागद पुढं केला, तं मी कुकवाच्या ओल्या बोटानंच आंगठा देल्ला.

दोन वर्सानं शेजारच्या गावाले तारेचे खांब चालले. आमच्या गावात वळलेच नाई. मी आन् सासू लाइटीच्या हापिसात गेलो. सायबानं तोच कागद काढला. "माय, तुमच्या गावात लाइट हाय. हा पाहा आंगठा."

आंगठा लालच होता. माहाच.

मी म्हनलं, "त्या दिव्यावर चक्की चालन का, सायेब?"

"ते मी काय करू? तुमचं गाव लाइट झालेल्या गावात लिवलं हाय."

वाटेनं सासू म्हने, "कुकू लावाची लय घाई होती तुले."

 हापिसापायी चक्कीवर जाणं राह्यलं होतं. घरी येऊन दोघीनं जात्याचा खुटा धरला.