कुणाला काही झालेलं नाही

आमचं ऑफिस होसकोटेहून बसवनगुडीत आलं, तेव्हा फोन तपासायला एक पन्नाशीचा माणूस आला होता. घरी मराठी बोलणारा, इथलाच. प्रत्येक टेबलाशी उभ्यानेच ११२, तातडीच्या मदतीचा नंबर, लावायचा. "तपासणी आहे, कुणाला काही झालेलं नाही," असं आधी कन्नडमध्ये सांगायचा, मग विचारायचा, "आमचा पत्ता काय दिसतो?" उत्तर ऐकताना डोळे मिटून घ्यायचा.

माझ्या फोनचा पत्ता अजून होसकोटेचाच निघाला. मला कामाची घाई होती. म्हटलं, "राहू द्या अण्णा, वेळ आली तर तोंडानं सांगू की."

त्याने रिसीव्हर हळूच ठेवला. "माझ्या बायकोनं ऑफिसातूनच फोन लावला होता, अक्का. तिला बोलता येईना. अँब्युलन्स वेळेत पोचली, त्यांच्या जुन्या ऑफिसात."

पत्ता बदलून त्याने पुन्हा नंबर लावला.

"तपासणी आहे," तो म्हणाला. "कुणाला काही झालेलं नाही."