भाजणारा चंद्र

माझी बहीण सुधा सतार वाजवते. मैफल तोंडावर आली आणि तिच्या डाव्या तर्जनीवर चामखीळ उठली. तार दाबली की कळ उठायची. डॉक्टरांनी सिल्व्हर नायट्रेटची कांडी ओली करून तिथे टेकवली.

"जुने किमयागार चांदीला चंद्र म्हणत," ते म्हणाले, "म्हणून याचं नाव चंद्राचा दाहक क्षार."

"चंद्र आणि भाजतो?" सुधा कळवळली.

आपण चंद्राला शीतलच म्हणत आलो. पण बरं करणाऱ्याला कधीकधी भाजावंही लागतं, हे मला तेव्हा पटलं.

काही खेपांनंतर चामखीळ गळाली. औषधानं काळं पडलेलं बोट मात्र तसंच राहिलं. मैफलीत पुढे बसलेल्या एका बाईंनी काळजीनं विचारलं, "बोटाला काय झालं?"

"बोट कसलं बघताय? मींड ऐका!" सुधा हसली, आणि तिनं त्याच बोटानं तार ओढून सूर अलगद वर नेला.