विहिरीवरची पेटी

आमच्या विहिरीत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि माझ्या धाकट्या काकांचा निम्मा-निम्मा वाटा. एक दिवस पाण्याची पाळी आमची, एक दिवस त्यांची. दुष्काळातसुद्धा दोघा भावांत त्यावरून कधी तोंड वाजलं नाही.

आणि मी मोठा शहाणा! पुण्यात माझा धंदाच हा, आजूबाजूची परिस्थिती ओळखून आपलं आपण वागणारी यंत्रं बनवायची. गेल्या उन्हाळ्यात अण्णांच्या मोटरीला तसली पेटी बसवली. लाईट आली का, माती किती वाळली, पाऊस येईल का, सगळं बघून मोटर आपोआप चालू; हवी तर फोनवरूनही. पाळीचे दिवससुद्धा तिला शिकवले होते. केवढी ऐट माझी!

धर्मापुरीला लग्न होतं. आदल्या दिवशी चहा पिताना अण्णा काकांना म्हणाले, "उद्या आमी न्हाई. आमची पाळी तूच घे, तुझं कांद्याचं रोप सुकायलंय." मी शेजारीच बसलो होतो, फोनवर त्याच पेटीचे आकडे बघत. ऐकलं, हूं म्हणालो, आणि पेटीला सांगायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवात जेवत होतो तेव्हा पेटीनं विहीर उपसली. तिच्या हिशोबानं दिवस आमचा होता. काका रोपाला पाणी द्यायला गेले तर तळाला नुसता चिखल. पुढं दोन दिवस पाणी चढलं नाही आणि रोप करपून गेलं.

लग्नाहून आलो तर काका अंगणात उभे.

"पाळी देऊन पाणी वढून घेतलं, दादा? कावून?"

मी तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "फोनवरून मोटर म्याच चालू केली. लालूच सुटली."

काकांना ते पटलं. अण्णा खोटं बोलत नाहीत हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

काका गेल्यावर मी अण्णांवर चिडलो, खरं तर स्वतःवरच. ते म्हणाले, "त्याला तुजं लई कौतुक हाय. ऱ्हाऊ दे." आणि मी राहू दिलं. लाज वाटते लिहिताना.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. दिवाळीला मी एकटाच काकांकडे गेलो. त्यांनी जवळ बसवून घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुजी पेटी लई हुशार हाय, बाबा. माणसाचीच नियत फिरली तर ती तरी काय करंल?"

मी चहाचा कप उचलला आणि म्हणालो, "हां ना, काका."