थोरल्या भावजींचा पुढचा दात

घाईला ज्यांच्या अंगणात पाऊलही ठेवता येत नसे, असे गृहस्थ मी रत्नागिरीत एकच पाहिले: माझे थोरले दीर. आंब्याची कलमं बांधून विकणं हा त्यांचा व्यवसाय. रोपाला काडी जोडल्यावर बांधलेली पट्टी कधी सोडायची ते तेच ठरवीत, आणि तोवर त्या ओळींमधून कुणी मोठ्याने बोलत गेलेलंही त्यांना खपत नसे. देवरूखच्या एका गिऱ्हाइकाने एकदा कलम रुजलंय का ते पाहायला शेंडा धरून जरासा हलवला. भावजींनी ते त्याच्या हातून काढून घेतलं, ओल्या मातीवर तळवा दाबला आणि शांतपणे म्हणाले, "मूळ धरलंय की नाही, हे हलवून बघतात होय?" त्याला काही विकलं नाही, चहा मात्र पाजला.

अशा माणसाने घाई केली ती एकदाच, आणि तीही स्वतःच्या तोंडात. त्यांचा पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. त्यामुळे फोटोत हसताना हात हमखास तोंडावर जाई. दोन हजारचं दशक सरत आलं होतं. लेकीचं, मुक्ताचं, लग्न ठरलं. त्या फोटोत तरी हात नको, म्हणून भावजी मुंबईच्या दंतवैद्यांकडून दातांवर चढवायच्या पारदर्शक साच्यांचा संच घेऊन आले. एकेक साचा ठरावीक दिवस घालायचा, मग पुढचा. दात हळूहळू सरकतो. जेवताना साचा सुपारीच्या डबीत विसावे, आणि तोंडात परतला की भावजींच्या बोलण्याला लवंगेचा वास येई. लग्न जवळ आलं, तसे ते मुदतीआधीच साचे बदलू लागले.

पुढच्या तपासणीला दंतवैद्यांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरला. मुळांची निमुळती टोकं झिजलेल्या पेन्सिलीसारखी बोथट दिसत होती. दात सरकवताना मूळ थोडं झिजतं, बहुधा कळतही नाही, असं ते म्हणाले. यांचं जास्त झिजलं होतं. घाईनेच झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण घाईने धोका वाढतो. झिजलेली लांबी परत येत नाही. थांबलं तर झीज बहुधा थांबेल. रेटलं तर दात सरळ होईल, पण टिकेलच असं नाही.

भावजी थांबले. दात अर्ध्या वाटेवर राहिला, आणि ते रोज आरशासमोर तो बोटाने चाचपू लागले. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता जाऊबाई म्हणाल्या, "अहो, मूळ धरलंय की नाही, हे हलवून बघतात होय?" बोट खाली आलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात मोहोराचा वास दाटला होता. फोटोवाल्याने हसा म्हटलं, आणि भावजींचा हात सवयीने वर गेला. मुक्ताने तो धरून खाली घेतला. तिचाही पुढचा दात तसाच, शेजारच्यावर चढलेला. "राहू दे, बाबा," ती म्हणाली. "मी कुणावर गेलेय, हे सासरच्यांना दिसायला नको?"

भावजी गेले तेव्हा तो दात जागेवर होता. मुक्ता माहेरी येऊन हसली, की मला अजून ओल्या मातीचा वास येतो.