कोऱ्या पट्टीवरचा भोंगा

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो. आमच्या घरात देव्हारासुद्धा नाही, तिथे भूतखेत कुठून येणार? तरी हे लिहून पाठवतोय. ज्याची ही गोष्ट आहे त्याला विचारून, नाव तेवढं बदलून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, संपानंतर एकेक गिरणी बंद पडत होती तेव्हाची. मी वाशिमकडचा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर एडिटिंगची भाड्याची खोली होती. तिथे मी टायटलं रंगवायचो — काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर कलरने — आणि फिल्मचे जोडही मारायचो. राहायला जोगेश्वरीत, मावसभावाकडे. काम गेलं तर परत गावी, ही धास्ती कायमची.

सुहास तिथे आपली स्टुडंट फिल्म घेऊन आला. बाकीची पोरं मला "ए पेंटर" म्हणायची. याने पहिल्याच दिवशी डब्यातला अर्धा बांगडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "दिग्या, खा. नाहीतर अक्षरं तुझ्यासारखीच काटकुळी येतील." टायटलमध्ये त्याने माझं नावही घातलं. माझं नाव, पडद्यावर... ते उपकार मी विसरलेलो नाही.

फिल्म त्याच्या बाबांवर होती. गिरणी बंद पडल्यापासून ते घाटकोपरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. उठणं नाही, बोलणं नाही. सुहासला मार्क-बिर्क काही नको होते. ही फिल्म बघून बाबा उठून बसावेत, आपल्याशी बोलावेत, एवढंच.

सुरुवात अशी होती: काळा पडदा, गिरणीचा भोंगा, मग नाव — 'पहिला भोंगा'. पण बाबांच्या गिरणीचा भोंगा आणणार कुठून? बॉयलर केव्हाच थंड झालेला. सुहास लहानपणी आईबरोबर गावी, मालवणकडे. त्यानेही तो कधी ऐकला नव्हता. शेवटी त्याने दुसऱ्या एका चालू गिरणीचा रेकॉर्ड केला आणि घरी कॅसेटवर लावला. बाबा भिंतीकडे बघतच म्हणाले, "हो आमचो न्हय." हा आमचा नव्हे, म्हणजे.

दहा भोंग्यांत आपला कुठला, हे गिरणीतल्या माणसाला झोपेतही कळायचं म्हणे.

सुहास नाचतच आला, बाबा बोलले म्हणून. मग म्हणाला, खोटा भोंगा काढून टाक. दुसरा मिळणार नव्हता, तेव्हा सुरुवात मुकीच ठेवायची ठरली. भोंगा नाही तर ते नाव तरी कसं राहणार? मी नवीन कार्ड रंगवलं — 'सकाळपाळी'. आवाजाची तपकिरी पट्टी फिल्मच्या शेजारून वेगळी चालते. तिच्यातला भोंग्याचा तुकडा मी कापला आणि तिथे कोरी पट्टी जोडली. दोघांनी वाजवून पाहिली. नुसती खरखर.

नंतरच्या रविवारी दुपारी सुहासने बाबांना टॅक्सीत घालून आणलं, धरून खुर्चीत बसवलं. मी मशीन सुरू केलं. काळा पडदा. माझी अक्षरं वर आली... आणि भोंगा वाजला.

मी आयुष्यात गिरणी पाहिलेली नव्हती. पण तो भोंगा होता. लांब, घोगरा. मध्येच श्वास अडकल्यासारखा खाली बसला आणि पुन्हा चढला. हाताखालचं टेबल थरथरत होतं. मला वाटलं, वाट लागली, तुकडा आत राहिला, आता नोकरी गेली. घाबरून सुहासकडे पाहिलं. तो शांतपणे बाबांचं तोंड न्याहाळत होता.

बाबा उठले. आधाराशिवाय.

"भोंगो झालो. डबो खंय माझो?"

सुहासने हात धरून सांगायचा प्रयत्न केला की बाबा, अहो, तिथे आवाजच नाहीये. त्यांनी वाटेत आलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

"बाजूक हो रे. खाडो पडतलो."

दोघे गेल्यावर मी ती पट्टी बोटांनी चाचपली, पुन्हा वाजवली, उलटी वाजवली. खरखर.

त्यानंतर बाबा रोज पहाटे आंघोळ करून, रिकामा डबा घेऊन गिरणीच्या बंद गेटसमोर जाऊन बसायचे. पाळी सुटायच्या वेळेला परत. सुहास आडवा गेला, रडला, भांडला.  बाबांचे त्या रविवारचे शब्द शेवटचे. थंडीत ते तिथेच, फुटपाथवर गेले.

बाराव्याला त्यांचा गिरणीतला एक जुना सोबती आला होता. मी त्याला बाजूला नेऊन तोंडाने तो आवाज काढून दाखवला. त्याने लगेच ओळखला. त्यांचा भोंगा तसाच मध्ये बसायचा, वाफ गळायची म्हणून. तू कुठे ऐकलास, हे त्याने मला तीनदा विचारलं.

जाणकार सांगतात, टेपवर जुन्या आवाजाचा ठसा उतरतो. उतरत असेल. पण मी कापलेला भोंगा दुसऱ्याच गिरणीचा होता, आणि जोडलेली पट्टी कोरी.

मग सुहास टायटल बदलायला आला. सोबत्याचं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं. बाबांच्या नावाआधी 'कै.' घालायचं होतं. रंग वाळेपर्यंत त्याने मला सुरुवात पुन्हा पुन्हा वाजवायला लावली, स्पीकरला कान लावून.

"तू ऐकलास ना रे?"

"हो."

"मग मला का नाही? मी मुलगा ना त्यांचा?"

मी पट्टी पुन्हा सुरुवातीला आणली.  फिल्म दाखवली गेली, टाळ्याही पडल्या. त्याने पुन्हा कॅमेरा हातात धरला नाही. आम्ही अजून भेटतो, पवईला त्याच्या घरी. चहा झाला की तो उठून खिडक्या लावतो, आणि मी ओठ मिटून, पोटातून तो आवाज काढतो. मध्ये खाली, मग वर. तो डोळे मिटून ऐकतो.

"परत," म्हणतो.